हस्तरेखित बेसबॉल कार्डांची ऑनलाइन विक्री : हौशी चित्रकाराचे अर्थकारण आणि अधिकार

सारांश :
अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची छापील कार्डे जमवण्याचा छंद सुमारे दीड शतकाचा आहे. त्याच आकाराच्या कागदावर स्वतःच्या हाताने खेळाडूचे चित्र काढून ते ऑनलाइन विकणारा हौशी चित्रकारांचा एक वर्ग अलीकडच्या काळात निर्माण झाला आहे. या चित्रकाराची मिळकत किती, त्याच्या कामाला कायद्याचे संरक्षण कोठपर्यंत आणि त्याच्या कार्डाचे खरे मोल कशात आहे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हस्तरेखित कार्डाचे बळ त्याच्या एकमेवपणात आहे आणि ते सोडून चित्रकार छापील प्रतींकडे वळला की त्याची कायदेशीर व कलात्मक बाजू दुबळी होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : बेसबॉल कार्ड, हस्तरेखित कार्ड, हौशी चित्रकार, प्रसिद्धी-अधिकार, स्वामित्वहक्क, ऑनलाइन विक्री.

१. प्रस्तावना

छंद आणि व्यवसाय यांच्यामधील सीमारेषा पूर्वी बरीच स्पष्ट होती. घरी बसून चित्रे काढणारी व्यक्ती ती आप्तेष्टांना भेट देत असे. विक्री हे कलादालनांचे काम होते. इंटरनेटच्या प्रसारानंतर ही रेषा पुसट झाली. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या लिलावस्थळामुळे आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या एत्सी या हस्तकला-बाजारपेठेमुळे स्वयंपाकघरातील टेबलावर काढलेले चित्र हजारो मैल दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचू लागले.

चित्रकलेची आवड असलेले आपले विद्यार्थी भ्रमणध्वनीवर स्वतः काढलेली क्रिकेटपटूंची चित्रे दाखवतात आणि विचारतात, "सर, हे विकता येईल का?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर देताना वाणिज्य, कला आणि विधी या तिन्ही विद्याशाखांची मदत घ्यावी लागते. अमेरिकेतील बेसबॉल कार्डांच्या क्षेत्रात हाच प्रश्न अनेक वर्षे चर्चिला गेला आहे व न्यायालयांनीही त्यावर निर्णय दिले आहेत. म्हणून त्या क्षेत्राचा अभ्यास आपल्यालाही उद्बोधक ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) बेसबॉल कार्डाची परंपरा आणि तीमधील हाताने काढलेल्या चित्राचे स्थान समजून घेणे.
२) हौशी चित्रकाराच्या उत्पन्न-खर्चाचे स्वरूप तपासणे.
३) खेळाडूची प्रतिमा, छायाचित्र आणि संघाचे बोधचिन्ह यांसंबंधीच्या अधिकारांचा परिचय करून देणे.
४) या अनुभवाचा भारतीय संदर्भात विचार करणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

३. बेसबॉल कार्ड : ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८८० च्या दशकात अमेरिकन सिगारेट कंपन्या पाकीट ताठ राहावे आणि ग्राहक टिकावा या दुहेरी हेतूने आत चित्रांची कार्डे घालू लागल्या. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेला 'टी-२०६' हा संच विशेष प्रसिद्ध आहे. त्यातील होनस वॅग्नर या खेळाडूच्या कार्डाच्या फार थोड्या प्रती उपलब्ध असल्याने त्याला अमाप किंमत येते. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि कार्डे मुलांच्या हाती आली. टॉप्स कंपनीचा १९५२ चा संच हा आधुनिक कार्डाचा आरंभबिंदू मानला जातो. १९५७ पासून टॉप्सने अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच हा आकार स्वीकारला आणि तोच प्रमाण ठरला.

या इतिहासात हाताने काढलेल्या चित्राला प्रारंभापासून स्थान आहे. टॉप्सच्या १९५३ च्या संचातील कार्डे छायाचित्रांवरून रंगवलेल्या लहान चित्रांवरून छापली होती. १९८२ पासून डॉनरस कंपनीने 'डायमंड किंग्ज' या नावाने डिक पेरेझ यांनी रंगवलेल्या खेळाडूंच्या प्रतिमा कार्डांवर आणल्या. २०२० मध्ये टॉप्सने वीस कलावंतांकडून वीस गाजलेल्या कार्डांची नव्याने मांडणी करून घेतली. मात्र या सर्व उदाहरणांत मूळ चित्र एक आणि छापील प्रती अनेक असा क्रम होता. संग्राहकाच्या हाती पडत होती ती प्रत.

१९५२ च्या संचातील मिकी मँटल या खेळाडूचे एक उत्तम स्थितीतील कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. त्या संचाची न खपलेली कार्डे पुढे समुद्रात टाकून देण्यात आली, असे टॉप्सचे साय बर्जर सांगत असत. छापील कार्डाची दुर्मिळता ही अशी अपघाताने, नाशातून निर्माण होते. हस्तरेखित कार्ड जन्मतःच एकमेव असते. तरीही त्याला सहसा काही डॉलरच मिळतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : केवळ दुर्मिळता म्हणजे मूल्य नव्हे, त्या वस्तूविषयी अनेकांच्या मनात समान आठवण असावी लागते.

४. देवघेवीकडून विक्रीकडे

हाताने काढलेले कार्ड ही स्वतंत्र कलाकृती मानण्याची कल्पना बेसबॉलच्या बाहेरून आली. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एम. वेंची स्टिर्नेमान या कलावंताने १९९७ मध्ये स्वतः तयार केलेल्या १,२०० कार्डांचे प्रदर्शन भरवले आणि प्रेक्षकांनाही आपापली कार्डे करून अदलाबदल करण्याचे आवाहन केले. आकार अर्थात अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे छापील खेळकार्डाचाच होता. या चळवळीचा मुख्य नियम असा की कार्ड विकायचे नाही, केवळ द्यायचे आणि घ्यायचे.

२००० नंतरच्या दशकात ईबेवर याच आकाराची मूळ चित्रे विकली जाऊ लागली. देवघेवीच्या कार्डांपासून ती वेगळी ओळखता यावीत म्हणून विक्रीच्या कार्डांसाठी 'एसीईओ' हे आद्याक्षरी नाव रूढ झाले. दुसरीकडे कार्ड कंपन्या चित्रकारांना कोरी कार्डे देऊन त्यांच्याकडून मूळ रेखाचित्रे काढून घेऊ लागल्या व ती पाकिटांत मिसळू लागल्या. अशा कामात चित्रकाराला मोबदल्यासोबत काही कोरी कार्डे स्वतःच्या विक्रीसाठी परत मिळण्याची प्रथा आहे. आजचा हौशी चित्रकार या दोन प्रवाहांच्या संगमावर उभा आहे. कंपनीने पाचारण केले तर त्याच्या मागे परवान्याचे संरक्षण असते. स्वतःच्या नावाने विकतो तेव्हा मात्र तो एकटा असतो.

५. निर्मितीची प्रक्रिया

या कार्डासाठी गुळगुळीत पृष्ठभागाचा, आम्लरहित जाड कागद लागतो. सामान्य कागद काही वर्षांत पिवळा पडतो. चित्रकार प्रथम फिकट पेन्सिलीने आराखडा आखतो, नंतर न फुटणाऱ्या शाईच्या बारीक पेनाने रेषा पक्की करतो आणि शेवटी जलरंग, रंगीत पेन्सिली अथवा मार्कर वापरतो. अल्कोहोलयुक्त मार्करचे रंग आकर्षक दिसतात. पण सतत प्रकाशात ठेवल्यास ते उडतात. ही गोष्ट ग्राहकाला आधी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते.

खरी कसोटी लहान आकाराची आहे. पूर्ण देहाकृती काढली तर चेहरा वाटाण्याएवढा होतो. केवळ चेहरा काढला तर खेळ हरवतो. म्हणून जाणते चित्रकार खेळाडूची ओळख चेहऱ्याऐवजी त्याच्या ढबीतून देतात. चेंडू फेकताना पिचरने उचललेला पाय, बॅट फिरवून झाल्यावर बॅटरचा वळलेला खांदा, मुखवटा डोक्यावर सारून उंच उडालेला चेंडू शोधणारा कॅचर, अशा एका हालचालीवरून जाणकार खेळाडू ओळखतो. मागील बाजूस खेळाडूचे नाव, चित्रकाराची सही, दिनांक आणि 'एकमेव मूळ कृती' अशी नोंद केली जाते. नंतर कार्ड पातळ पाकिटात, त्यावर टॉपलोडर नावाच्या कडक प्लॅस्टिक आवरणात व शेवटी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून टपालाने पाठवतात.

६. किंमत आणि मिळकत

समजा, एका चित्रकाराने टपालखर्चासह १२ डॉलरला कार्ड विकले. एत्सीवर वस्तू नोंदवण्याचे शुल्क ०.२० डॉलर आहे. व्यवहारशुल्क एप्रिल २०२२ पासून साडेसहा टक्के, म्हणजे येथे ०.७८ डॉलर होते. अमेरिकेत रक्कम स्वीकारण्याचे शुल्क तीन टक्के अधिक ०.२५ डॉलर, म्हणजे ०.६१ डॉलर. एकूण कपात १.५९ डॉलर झाली. टपाल व वेष्टनासाठी ५.५० आणि कागद-रंगासाठी ०.४० डॉलर धरले, तर चित्रकाराच्या हाती ४.५१ डॉलर उरतात. चित्र काढणे, स्कॅन करणे, वर्णन लिहिणे आणि टपालात टाकणे यांत तीन तास गेले असतील तर एका तासाची मिळकत साधारण दीड डॉलर होते. अमेरिकेतील संघराज्यीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही. या कामाकडे मजुरी म्हणून पाहिले तर ते तोट्याचे आहे. सुरुवातीची बोली अत्यल्प ठेवून केलेल्या लिलावात तोटा आणखी वाढतो. शिवाय एकदा स्वस्तात विकलेल्या कामाची किंमत पुढे वाढवणे कठीण जाते. यावर तीन मार्ग दिसतात. पहिला, काम जलद करणे. परंतु त्यात चित्राचा कस जातो. दुसरा, चित्राच्या छापील प्रती विकणे. त्यातील कायदेशीर धोका पुढे पाहू. तिसरा, ग्राहकाच्या मागणीनुसार चित्र काढणे. आजोबांसोबत पाहिलेला सामना, कोणाला फारसा न आठवणारा एखादा आवडता खेळाडू अशी मागणी घेऊन येणारा ग्राहक किमतीची तुलना बाजारातील छापील कार्डाशी करत नाही. हौशी चित्रकाराला हाच मार्ग अधिक मानवतो.

करविषयक बाजूही लक्षात घ्यावी लागते. अमेरिकन कायद्यानुसार छंदातून आलेले उत्पन्न करपात्र असते. मात्र २०१८ पासून छंदावरील खर्चाची वजावट मिळत नाही आणि २०२५ च्या कायद्याने ही तरतूद कायम झाली. वजावट हवी असेल तर नफ्याच्या उद्देशाने व्यवसाय करत असल्याचे दाखवावे लागते. पाचपैकी तीन वर्षे नफा झाला असेल तर तसे गृहीत धरले जाते. याचा अर्थ, 'हा तर माझा केवळ छंद' हे नम्र विधान करदात्याला महाग पडू शकते.

७. तीन प्रकारचे अधिकार

एका कार्डावरील चित्रात तीन निरनिराळ्या व्यक्तींचे वा संस्थांचे अधिकार गुंतलेले असू शकतात.

(अ) छायाचित्रकाराचा स्वामित्वहक्क : बहुतेक चित्रे छायाचित्रावरून काढली जातात. अँडी वॉरहॉल यांनी गायक प्रिन्स यांचे चित्र लिन गोल्डस्मिथ यांच्या १९८१ मधील छायाचित्रावरून केले होते. त्या मालिकेतील एक चित्र २०१६ मध्ये नियतकालिकाला वापरण्यास दिले गेले. त्या वापराला उचित वापराचा बचाव लागू होत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन अशा बहुमताने दिला. वॉरहॉल यांच्यासारख्या कलावंताच्या बाबतीत हे घडले, तर छायाचित्र जसेच्या तसे गिरवणाऱ्या हौशी चित्रकाराने अधिक सावध राहायला हवे. प्रकाशनानंतर ९५ वर्षे उलटलेल्या अमेरिकन छायाचित्रांवरील हक्क संपलेला असतो. अशी जुनी छायाचित्रे व १८८७ ते १९१४ या काळातील सुमारे २,१०० बेसबॉल कार्डे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात पाहता येतात. अनेक छायाचित्रे अभ्यासून ढब स्वतः रचणे हा दुसरा सुरक्षित मार्ग होय.

(आ) खेळाडूचा प्रसिद्धी-अधिकार : स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा व्यापारी वापर कोणी करावा हे ठरवण्याचा हा अधिकार आहे. त्याचा उगमच बेसबॉल कार्डांच्या वादातून झाला, हे उल्लेखनीय आहे. १९५३ च्या हेलन लॅबोरेटरीज विरुद्ध टॉप्स या खटल्यात न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी तो प्रथम या नावाने मान्य केला. पुढे २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'थ्री स्टूजेस' या विनोदी नटत्रयीचे हुबेहूब कोळसाचित्र छापून विकणाऱ्या चित्रकाराविरुद्ध निकाल दिला. चित्रकाराने मूळ प्रतिमेत स्वतःची पुरेशी भर घातली आहे काय, ही कसोटी न्यायालयाने मांडली. उलटपक्षी, १९९६ मध्ये बेसबॉलपटूंची व्यंगचित्रे असलेल्या विडंबन-कार्डांना आणि २००३ मध्ये गोल्फपटू टायगर वुड्स यांच्या विजयावरील चित्राच्या मुद्रित प्रतींना संघराज्यीय अपील न्यायालयांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. निर्णयांत एकवाक्यता नाही. तथापि मृत व्यक्तींच्या प्रतिमेविषयीच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात 'एकमेव आणि मूळ कलाकृती'चा अपवाद शब्दशः नमूद आहे, ही बाब हस्तरेखित कार्डाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

(इ) संघाचे व्यापारचिन्ह : टोपीवरील अक्षर आणि छातीवरील संघाचे नाव ही नोंदणीकृत चिन्हे असतात. खेळाडूंच्या सामूहिक प्रतिमेचा परवाना खेळाडू संघटना देते, तर चिन्हांचा परवाना मेजर लीग बेसबॉलकडून घ्यावा लागतो. पानिनी कंपनीकडे केवळ पहिला परवाना होता, तेव्हा तिच्या कार्डांवर खेळाडू कोऱ्या टोपीत दिसत आणि संघाच्या टोपणनावाऐवजी शहराचे नाव छापले जाई. २०१२ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांची चित्रे काढणाऱ्या डॅनियल मूर यांच्या खटल्यात, चित्रात संघाचा गणवेश वास्तवानुसार दाखवणे हे व्यापारचिन्हाचे उल्लंघन नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले. तरीही विक्रीस्थळे हक्कधारकाच्या तक्रारीवरून वस्तू काढून टाकतात व हौशी चित्रकाराला न्यायालयात जाणे परवडत नाही. कागदावरचा अधिकार आणि प्रत्यक्षात बजावता येणारा अधिकार यांत असे अंतर राहते.

८. छापील इतिहासातील रिकाम्या जागा

येथपर्यंतचे विवेचन वाचून असे वाटेल की पैसा थोडा आणि धोका बराच असलेले हे काम करावेच कशाला? याचे एक उत्तर बेसबॉलच्या वर्णभेदी इतिहासात सापडते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळेपर्यंत, विसाव्या शतकात कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख साखळीची दारे बंद होती. ते 'नीग्रो लीग्ज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र साखळ्यांत खेळत. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी त्यांची कार्डे काढली नाहीत. जॉश गिब्सन हा असामान्य फलंदाज-कॅचर जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या काही महिने आधी, निधन पावला. ज्या काळात मुले दुकानातून कार्डे आणत होती त्या काळात त्याचे कार्ड कोणाच्या खिशात नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचे काम चित्रकारांनी केले. १९९० मध्ये मार्क कियारेलो यांनी रंगवलेला नीग्रो लीग्जच्या खेळाडूंचा ३६ कार्डांचा संच प्रसिद्ध झाला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधील या साखळ्यांना प्रमुख दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदीत समाविष्ट झाली आणि.३७२ या सरासरीने गिब्सन सर्वकालीन यादीत अग्रस्थानी आला. आकडा नोंदवहीत आला, परंतु न छापलेले कार्ड मागे जाऊन छापता येत नाही. ते आज कोणीतरी काढू मात्र शकतो. बाजारात ज्याला मागणी नव्हती त्याची आठवण जपणे, हे कंपनीपेक्षा हौशी चित्रकारालाच अधिक साधते. कारण त्याला पाच हजार प्रती खपवायच्या नसतात, एकच ग्राहक पुरतो.

९. भारतीय संदर्भ

आपल्याकडे बेसबॉलची जागा क्रिकेटने घेतली आहे, पण प्रश्न तेच आहेत. दिल्ली उच्च न्यायालयात २०२३ मध्ये क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांसंबंधी वाद आला. एका कंपनीने खेळाडूंकडून परवाना घेतला होता. दुसरी कंपनी परवान्याविना खेळाडूंची नावे आणि कलात्मक रेखाटने वापरत होती. सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहितीचा तसेच कला, व्यंग, विडंबन, वृत्त व अभ्यास यांसाठी प्रसिद्ध व्यक्तीच्या नावा-प्रतिमेचा वापर अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, असे मत नोंदवून न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. त्याचबरोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांचा आवाज व प्रतिमा यांच्या अनधिकृत व्यापारी वापराला अंतरिम प्रतिबंध केला. म्हणजे आपल्याकडेही तराजू दोन्ही बाजूंनी झुकतो. छायाचित्रावरील स्वामित्वहक्क भारतात छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, हेही विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे.

१०. निष्कर्ष

१) हस्तरेखित कार्डाची विक्री हे किमान वेतन देणारे काम क्वचितच ठरते, म्हणून त्याचा हिशेब आरंभीच मांडावा.
२) एकमेव मूळ चित्र आणि त्याच्या छापील प्रती यांची कायदेशीर स्थिती समान नाही. मूळ चित्र विकणाऱ्याची बाजू तुलनेने भक्कम असते.
३) छायाचित्र गिरवणे टाळून स्वतःची रचना करणे कायद्याच्या दृष्टीने हितकर आणि कलेच्या दृष्टीने आवश्यक आहे.
४) मागणीनुसार काढलेली आणि छापील परंपरेने वगळलेल्या खेळाडूंची चित्रे हे हौशी चित्रकाराचे स्वाभाविक क्षेत्र आहे.

११. समारोप

'सर, हे विकता येईल का?' या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. विकता येईल, परंतु प्रथम ते चित्र तुझे असले पाहिजे, असे मात्र निःसंकोच सांगता येईल. छायाचित्र दुसऱ्याचे, चिन्ह संघाचे आणि कीर्ती खेळाडूची असताना चित्रकाराची स्वतःची अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याची रेषा. अडीच बाय साडेतीन इंचांच्या कागदावर ती जितकी स्पष्ट उमटेल तितके ते कार्ड बाजारात, न्यायालयात आणि संग्राहकाच्या मनातही अधिक टिकेल. महाविद्यालयांनी कौशल्याधारित अभ्यासक्रम आखताना विक्रीच्या तंत्रासोबत हा विचारही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे अगत्याचे आहे.